कॅप लावली होती का, आपा?

रशीदा आपा माझ्याशी खोटं बोलून गेल्या.

आज त्यांचा चाळिसावा, जाऊन चाळीस दिवस झाले. इतके दिवस काही लिहिलं नाही, कारण रडू कमी आणि राग जास्त येत होता.

एकाच हॉस्पिटलच्या एंडोस्कोपी रूममध्ये आम्ही सोळा वर्षं. मी सिस्टर, आपा टेक्निशियन.

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी. लोक घाबरतात. त्याहून जास्त लाजतात.

आपा दुर्बिणीच्या टोकाला प्लास्टिकची पारदर्शक कॅप बसवायच्या. नखाएवढी. किती बाहेर ठेवायची, ते त्यांच्या अंगठ्याला ठाऊक. तिच्यामुळे आतड्याच्या घड्या बाजूला सरतात, पुढची वाट दिसते.

एकदा एक नवीन डॉक्टर म्हणाले होते, "मला नाही लागत कॅप-बिप."

त्या दिवशी वैजापूरच्या एक बाई होत्या. "लई शरम वाटते हो," म्हणत तोंड झाकून घेतलं.

"कसली शरम? इथं तुमच्याकडं कोणी बघत नाय. सगळे टीव्हीकडं बघतात," दुर्बिणीच्या स्क्रीनकडे बोट करत आपा म्हणाल्या. बाई हसल्या.

मग डॉक्टर वळणावर अडकले. ढकलायला लागले. बाई कळवळल्या.

"साहेब, जोर मत लगाओ. आतडं हाय ते, बोअरवेल नाय. बाहेर घ्या, कॅप लावून देते."

मला डोळ्यानं खूण. मी बाईंच्या पोटावर डावीकडे तळहात दाबून धरला. या वेळी दुर्बीण अलगद वळली.

दोन वर्षांपूर्वी आपा चहा पिताना सहज बोलल्या, रक्त जातंय. मूळव्याध असंल.

मी मागेच लागले. इथंच करून घ्या, आपा. मी आहे ना.

त्या चार दिवस रजेवर गेल्या. आल्यावर म्हणाल्या, "झाली गं. पुण्यात, भाचीच्या ओळखीनं. सब साफ."

मला पटेना. "कॅप लावली होती का?"

"लावली की. तरी वळणावर जरा दुखलं. मग तिथल्या सिस्टरनं डावीकडं हात दाबून धरला. पुढं कळलं पण नाय."

इतकं बारीक खोटं कोण सांगेल? मी रिपोर्ट मागितला नाही.

कॅन्सर कळला तेव्हा तो लिव्हरपर्यंत गेला होता.

दफनानंतर त्यांची मुलगी म्हणाली, "मावशी, अम्मी पुण्याला गेल्याच नाहीत. घरीच होत्या. मी ओरडले तर म्हणाल्या, अपने लोगां के सामने शरम आती, और बाहर के हातां पे भरोसा नै."

आमच्याच कामाचे शब्द वापरून फसवलंत मला, आपा.

आणि पुण्याची ती सिस्टर? तो हात माझा होता. सोळा वर्षं तुम्ही समोर उभं राहून बघितलेला.

भरोसा होता, तर मागितला का नाहीत?

काल कॅप मी बसवली. दोनदा वाकडी बसली.

माफ करायला मला वेळ लागेल. तुम्ही मात्र आता आरामात झोपा.

खुदा हाफिज, आपा.