घरच्या माणसाचा दाखला

मूल गावच्या एका राइस मिलमध्ये माझा थोरला भाऊ बावीस वर्षं बॉयलर सांभाळत होता. मिलमध्ये माणसं सात. त्यामुळे दादा वायरमनही होता, फिटरही, आणि शेठच्या घरी लग्न निघालं की ड्रायव्हरही. चंद्रपूरकडच्या मोठ्या कारखान्यात एवढ्याच बॉयलरला तीन माणसं. एक वाफेचा काटा बघतो, दुसरा वहीत लिहितो, तिसरा दोघांवर लक्ष ठेवतो. प्रत्येकाचा पगार दादाच्या दुप्पट. शिवाय काटा बघणारा कधीतरी लक्ष ठेवणारा होतो. मिलमध्ये दादाच्या वर एकच खुर्ची होती, आणि तिच्यासाठी शेठचा मुलगा वाढत होता.

त्या कारखान्यात दादाला घ्यायला तयार होते. फक्त अनुभवाचा दाखला हवा होता, मिलच्या कागदावर, सहीशिक्क्यासह.

शेठ दुखावले. "दाखला? अरे, तू तं घरचा माणूस. घरच्या माणसाले दाखला लागते का?"

"मले नाई लागत शेठ, त्याहिले लागते."

"मंग लाव त्याहिले फोन. मी बोलतो."

दादाने खरंच फोन लावून दिला. शेठ पलीकडच्या साहेबाला म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा हाये. म्हणून तं आमी सोडत नाई."

पोरगा तेव्हा चाळिशीला आला होता.

पुढे दर दिवाळीला दादा दाखला मागायचा आणि सोनपापडीचा डबा घेऊन यायचा. मी चिडायचे. "काऊन मागून राह्यला तू? देते का तो?"

"मिठाई तं देते ना," दादा हसायचा. कारखान्यात बोनस मिळतो. घरच्या माणसाला सोनपापडी.

यंदा दादा गेला. चार दिवसांच्या तापात. जलदान विधी आटोपून मी पाहुण्यांना बसस्टँडवर सोडायला निघाले, तर चौकात मिलचा फ्लेक्स लागलेला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. आमचे अनुभवी बॉयलर ऑपरेटर. बावीस वर्षे अखंड, निष्कलंक सेवा.' खाली मिलचं नाव, पत्ता आणि शोकाकुल म्हणून शेठची छापील सही. शेठचा फोटो दादाच्या फोटोपेक्षा थोडा मोठा होता. मजकुरात मात्र काही कमी नव्हतं. कारखान्याने मागितलं होतं ते सगळं होतं.

आठवड्याने फ्लेक्स उतरवायला माणसं आली, तेव्हा मी तो मागून घेतला. दादाच्या अर्जाची फाइल अजून कपाटात आहे. कितीही घड्या घातल्या तरी तो तिच्यात मावत नाही.