सोनेरी सशाचा कान

ओटावातल्या आमच्या कॉन्डोत समोरच्या दाराआड एक जपानी आजी एकट्या राहतात. दिवाळीत मी कॉरिडॉरमध्ये दाराशी रांगोळी काढत होते, तेव्हा त्या बाहेर आल्या आणि माझ्या चिमटीकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचा हात थरथरत नाही. माझं एक काम कराल?"

काम होतं एका पेटीचं. लिहिण्याचं साहित्य ठेवायची, काळी कुळकुळीत पेटी. आत शाई उगाळायचा दगड, दोन कुंचले आणि पाण्याची इवलीशी झारी. झाकणावर सोन्याच्या भुकटीनं काढलेलं गवत, त्यात बसलेला ससा. पाती अशी कललेली, की वारा कुठून येतोय ते कळावं. मी बघतच राहिले. सशाचा एक कान मात्र घासून गेला होता. तरुणपणी आजींनी स्वतःच ती पेटी रंगवली होती. आता बोटं ऐकत नव्हती.

"मी सांगते, तुम्ही करा," त्या म्हणाल्या.

तीन शनिवार मी लाकडाच्या तुकड्यांवर नुसते कान काढले. कान काढायचा तो उरुशीनं, म्हणजे एका झाडाच्या चिकानं. रेघ ओली असतानाच बारीक नळीतून सोन्याची भुकटी तिच्यावर झटकायची. नळीवर बोटानं टिचकी किती हलकी मारायची, एवढं शिकायलाच दोन शनिवार गेले.

चौथ्या शनिवारी झाकण समोर आलं. मी श्वास रोखून कान काढला. आजी चहा ठेवायला उठल्या.

पण हा चीक वाळायला दमट हवा लागते, आणि विंटरमध्ये हीटिंगमुळे घरात आपले ओठसुद्धा फुटतात. शेवटी झाकण ओल्या टॉवेलांसकट एका खोक्यात घालून आमच्या वॉशरूममध्ये ठेवलं. नवऱ्याला बजावलं, खोक्याला हात लावायचा नाही.

"म्हणजे सशाची आंघोळ आधी आणि माझी नंतर," तो म्हणाला. तरी टॉवेल वाळले की तोच ते ओले करून ठेवायचा.

दोन दिवसांनी माझ्या मनगटावर पुरळ उठलं. हा ओला चीक अंगाला लागला की खाज सुटते, आणि हातमोजा संपतो तिथे त्याचा एक थेंब लागला होता. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंना कारण सांगितलं, तर त्यांनी मलम लिहून दिलं आणि पेटीचा फोटो बघायला मागितला.

वरून चिकाचा पातळ थर, पुन्हा ओलावा, मग पॉलिश, असं करत काम संपलं. नवा कान जुन्यापेक्षा किंचित जाड झाला होता. मी ओशाळून तसं म्हणाले.

आजींनी झाकण खिडकीशी नेलं, तिरकं धरून पाहिलं. "हा कान तुमचा आहे. राहू दे," त्या म्हणाल्या. त्याच दुपारी त्यांनी शाई उगाळली आणि बहिणीला पत्र लिहिलं. अक्षरं थोडी हलली, पण त्या मजेत होत्या.

आता त्यांनी एक तबक बाहेर काढलंय, बगळ्यांचं. मी कोपरापर्यंतचे हातमोजे आणलेत.