पाच ते सहाची शिकवणी

१९५४ साली आर्वीत बंडोपंतांकडे गाणं शिकायला येणारं एकच माणूस उरलं होतं. माणिक. बाकीचे हळूहळू गळाले. कुणाचं लग्न झालं, कुणी नोकरीला नागपूरला गेलं, दोघांच्या घरी रेडिओ आला. बंडोपंतांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सकाळी देवपूजा, दुपारी एकट्यापुरती खिचडी, संध्याकाळी पाच ते सहा शिकवणी. दिवसभरात त्यांच्याशी कुणी बोललं तर त्या तासात.

माणिक ही रूपराव शेतकऱ्याची मुलगी. वय वीस. नवऱ्यानं लग्नाच्या वर्षातच माहेरी आणून सोडली, ती सोडलीच. वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत गायनाच्या बाई हव्या होत्या. मागल्या जूनमध्ये ती गाऊन दाखवायला गेली. टेबलामागे तीन माणसं. गाण्याची सुरुवात तिनं ठीक केली. अंतरा आला, म्हणजे गाणं वर चढतं तो भाग, आणि तिचं तोंड उघडलंच नाही. शाळेनं त्या वर्षी कुणालाच घेतलं नाही आणि तिला सांगितलं, पुढच्या जूनला पुन्हा या. रूपरावांनी बजावलं होतं, हे शेवटचं. मग वावरात चाल.

धुरपता ही तिची आत्या. भाचीला एकटीला पाठवायचं नाही म्हणून सोबत यायची आणि ओसरीवर वाती वळत बसायची.

बंडोपंतांचा एक नियम होता. तंबोऱ्याची गवसणी काढण्याआधी पाटीवर लिहायचं, आज कशासाठी बसलो. पहिल्या दिवशी माणिकनं लिहिलं, 'गाण्यासाठी'. त्यांनी पाटी पुसली.

"हे काही उत्तर नव्हे. गाण्यासाठी सगळेच बसतात. तुझं अडतं कुठं?"

पाचव्या दिवशी तिनं लिहिलं, 'अंतऱ्याच्या आधी श्वास संपते.'

"आता बैस," बंडोपंत म्हणाले. आठ दिवस तिनं तेवढा एक श्वास घोटला. दुसरं काही नाही.

"गुरुजी, पर भेव काई जात नाई."

"ते जाणार नाही. त्याला पाट मांडून द्यायचा, बस म्हणायचं, आणि आपण गात राहायचं."

"आन् जेवाले कोन वाढन त्याले?" ओसरीवरून धुरपता म्हणाली. माणिक हसली. बंडोपंतही हसले. त्या घरात हसणं ऐकून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

एप्रिलपर्यंत अंतरा बसला. रोज, न चुकता. बंडोपंत निश्चिंत झाले.

मग त्यांची दाढ दुखायला लागली. गाल सुजला. त्यांनी नाकाखालपासून हनुवटीपर्यंत फडकं गुंडाळलं आणि तसेच शिकवायला बसले. माणिकनं गाणं सुरू केलं. अंतऱ्याशी आली आणि थांबली. पुन्हा घेतलं. पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळीही तेच.

"काय झालं?"

"मालूम नाई, गुरुजी."

धुरपता उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "तुमाले खरंच मालूम नाई? पोरगी तुमच्या तोंडाकडं पाहून गाते. तुमचे ओठ हालते, मंग तिचे हालते. आज तुमी तोंड बांधलं, बसली मुकी."

आपले ओठ हलतात हे बंडोपंतांना ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं शिकवत होते. कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून बसले. आत्या म्हणाली, आता तुमची मान हालते. तिसऱ्या दिवशी ते आतल्या खोलीत गेले. माणिक दाराच्या फटीतून त्यांचा पाय पाहू लागली. पाय ताल धरत होता.

चौथ्या दिवशी त्यांनी पायात वहाणा घातल्या.

"आजपासून पाच ते सहा मी घरी नसेन. तू ये. पाटीवर लिही, गा, काय झालं ते खाली लिही आणि जा."

माणिकचा चेहरा उतरला. "काऊन, गुरुजी? माह्यं काई चुकलं?"

"तुझं नाही. वर्ध्याच्या टेबलामागे मी बसलेला नसणार."

मे महिन्यात आर्वीत पाच वाजता माणूस आपण होऊन उन्हात जात नाही. बंडोपंत जायचे. जायला ठिकाण नव्हतं म्हणून स्टेशनवर जाऊन बसायचे. पुलगावची छोटी गाडी यायची, चार माणसं उतरायची, फलाट पुन्हा रिकामा व्हायचा.

"पंत, कोनाले घ्याले आले?" हमाल नत्थू रोज विचारायचा.

"कुणाला नाही."

"मंग कोनाले पोचवाले?"

बंडोपंत स्टेशनचं घड्याळ बघायचे. सहा वाजले की घरी यायचे. घरात कुणी नसायचं. पाटी असायची. 'अंतरा दोनदा अडला.' 'आत्याकडं पाठ करून म्हटलं. एकदा अडला.' मग एके दिवशी, 'नाई अडला.' ती पाटी त्यांनी दोन दिवस पुसली नाही. माणिकला लिहायला दुसरी आणून दिली.

जूनमध्ये माणिक वर्ध्याला गेली. संध्याकाळी सोबत गेलेली धुरपताच सांगायला आली. तिघांतला एक जण खिडकीबाहेरच पाहत होता, दुसरा कागद चाळत होता. पोरगी शेवटपर्यंत गायली. सोमवारपासून नोकरी. राहायचं वर्ध्यालाच, शाळेजवळ.

सोमवारी सकाळी बंडोपंत स्टेशनवर गेले. रूपराव ट्रंक चढवत होते. माणिक वाकून पाया पडली.

"गुरुजी, तुमी तर आयकलंच नाई. आता म्हनू काय? इथंच? हळू म्हनतो."

रूपराव डब्यातून ओरडले, "फलाटावर गाऊन राह्यली काय? लोक काय म्हनतीन! चढ आधी."

गाडी सुटायला अजून वेळ होता. बंडोपंतांना तो अंतरा ऐकायचा होता. दोन महिने त्यांनी तो फक्त पाटीवर वाचला होता.

"नको," ते म्हणाले. "माझ्यासमोर अडखळलीस तर तेच सोबत घेऊन जाशील."

"नाई अडखळत, गुरुजी."

"तरी नको. पोरींना शिकव. कशासाठी बसलो, ते आधी विचारत जा."

तिनं मान हलवली. डोळे पुसले. चढली. गाडी गेली.

बंडोपंत घरी आले. खिचडी टाकली. जेवले. दुपारी पडले, झोप लागली नाही. पाच वाजले तेव्हा सवयीनं त्यांनी वहाणा घातल्या आणि दारापर्यंत गेले. मग त्यांच्या लक्षात आलं, आज घर कुणासाठी मोकळं करायचं नव्हतं. वहाणा काढून ते आत येऊन बसले.