सायलेन्सरचं तोंड

यंत्र सुरू झालं म्हणजे ते दुरुस्त झालं, असं तुम्हाला कुणी शिकवलं?

अक्काही तसंच मानायची. वीस वर्षं जनरेटर दुरुस्त करणारी बाई. वर्कशॉपातले बाप्ये आधी हसले, मग त्यांचीच अडलेली गिऱ्हाइकं तिच्या दारात उभी राहू लागली. तिचा कानच तसा होता. फोन जनरेटरजवळ धरायला लावायची आणि बसल्या जागेवरून सांगायची, "प्लग मेलाय," नाहीतर "हवा अडलीय." या कानाचा तिला ताठा होता. का नसावा?

घरमालकानं बाहेर काढल्यावर तिच्या धाकट्या भावानं एक जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं आणि शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानात उभं केलं. "शेजारी नाही पटला तर घरच उचलून नेतो," म्हणायचा.

त्या दुपारी त्याचा फोन आला. "अक्का, गाडीतला तुझा लाडका जनरेटर चार मिनिटं चालतो आणि मान टाकतो."

"पेट्रोल?"

"अर्धी टाकी."

"ऑइल?"

"खुणेपर्यंत आहे. सकाळीच बघितलं."

"मग गाडी उतारावर असणार, शहाण्या! ऑइल एका बाजूला जातं, सेन्सरला वाटतं संपलं, तो इंजिन बंद पाडतो. जरा मागे घे, तिथं सपाट आहे."

"हुकूम, बाईसाहेब."

गाडी मागे गेली, जनरेटर सुरू झाला. अक्कानं फोनवर दहा मिनिटं कान लावला. एकदाही अडखळला नाही.

"बघ! आता एसी लाव, खिडक्या बंद कर आणि झोप. दोन पाळ्या सलग केल्यास."

"त्या धूर आणि विषारी गॅसच्या अलार्मचा सेल काढून ठेवलाय हां. कांदा परतला तरी बोंबलतो मेला."

अक्का हसली. "संध्याकाळी येते, बघते."

मैदानाच्या त्या टोकाला आदल्या दिवशी कुणीतरी मातीचा ढीग टाकला होता. तिला ठाऊक नव्हतं आणि तिनं विचारलं नाही. मागच्या बंपरखालचं जनरेटरच्या सायलेन्सरचं तोंड अर्धं मातीत रुतलं. इंजिन चालत राहिलं आणि धूर उलटा फिरून फटींतून आत शिरला. त्यातल्या विषाला ना वास असतो, ना आवाज.

संध्याकाळी अक्का फाटकातून आत आली, तेव्हा जनरेटर चालूच होता. दुरून तो आवाज ऐकून ती खूश झाली. मुठीत नवा सेल होता. दार वाजवत म्हणाली, "ऊठ रे कुंभकर्णा!"

तो उठला नाही.

"नशीब," असं कुणीतरी तिरडीपाशी बोललं. अक्का त्याच्या अंगावर धावून गेली. "नशीब कसलं? मी विचारलं नाही! 'मागे काय आहे', एवढंच विचारायचं होतं!"

आता ती फोनवर काही सांगत नाही. गिऱ्हाइकं चिडतात, तरी ती स्वतः जाते, आधी जमिनीवर आडवी पडून सायलेन्सरचं तोंड बघते, मगच अवजारांची पेटी उघडते. तो सेल अजून पेटीत आहे, न वापरलेला.

तुमचं कुणी अशा गाडीत राहत असेल, तर हे वाचून झाल्याबरोबर त्याला फोन लावा. अलार्ममध्ये सेल घालायला लावा. आणि तो खाली उतरून, वाकून, सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे असं सांगेपर्यंत, हात जोडते, फोन ठेवू नका.