उंबरठ्यापासून ओट्यापर्यंत

१९९६च्या मार्गशीर्षात माझे सासरे मला पाहायला हिंगणघाटहून सिंदी मेघेला आले आणि आमची फरशी पाहून परत गेले.

दारातच चपला काढून ते अनवाणी, डोळे मिटून, बैठकीपासून स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत चालत गेले. तिथे थांबून माझ्या वडिलांना म्हणाले, "भाऊ, पोरगं ठीक असंन. हे कोनं घासलं?" वडिलांनी मिस्त्रीचं नाव सांगितलं. "कच्चं असताना घासलं त्यानं. वरून मेण चोपडलं. माही पोरगी यावर पाय नाई ठेवणार." चहा घेऊन ते निघाले. लग्न तिथेच अडलं. आई म्हणाली, "लोक पोराचा पगार विचारतात, यायले कोबा पायजे."

सिमेंटच्या फरशांना पॉलिश करणं हा त्यांचा धंदा होता आणि उरलेलं जग त्यांच्या लेखी अर्धवट राहिलेलं बांधकाम होतं. पहिला हात जाड बट्टीचा, म्हणजे घासायच्या भरड दगडाचा, मग उघड्या पडलेल्या भोकांत त्याच रंगाच्या सिमेंटचा लेप, तो वाळला की त्याहून बारीक बट्टी, पुन्हा लेप, आणखी बारीक बट्टी, शेवटी ॲसिडचं पाणी आणि मेण. यातलं काही गाळणं त्यांना खपत नसे. "मधली बट्टी चुकवली का ओरखडे मेणाखाली झोपतात, अन् दिवाळीले उठतात," असं ते म्हणत. हाच क्रम ते इतरत्रही लावत. पोळी संपल्याशिवाय भाताला हात नाही. डॉक्टरांनी थेट इंजेक्शन काढलं तर ते आधी गोळी मागत. एकदा ओळखीच्यांकडे ते दुःखाच्या भेटीला गेले आणि बसल्या बसल्या फरशीला गाल टेकवून आडवे झाले. उजेडाच्या रेषेत फरशीची पातळी तशीच दिसते. घरच्यांना वाटलं, शोक अनावर झाला. दोघांनी उठवून पाणी दिलं. त्यांनी अर्धं पाणी फरशीवर ओतलं, थोडा वेळ पाहिलं आणि खरोखर दुःखाने म्हणाले, "जिरून राह्यलं."

आमच्या लग्नावर त्यांनीच तोड काढली. फरशी आपण स्वतः घासून देऊ, मग वैशाखातला मुहूर्त धरू. घिसाईची मशीन आली, आमचं बिऱ्हाड शेजाऱ्यांच्या पडवीत गेलं, अंगणातून राखाडी चिखल वाहू लागला. काम संपलं तेव्हा ट्यूबलाइटवरचं कंपनीचं नाव खाली वाकून वाचता येत होतं.

मुलीचा बाप सहसा वरातीबरोबर येत नाही. हे आले होते. पहिला पाय कसा पडतो ते पाहायला. नवरीने माप ओलांडलं, तांदूळ फरशीवर पसरले, दुसऱ्या पावलाला ती घसरली आणि मनगट मोडलं. सासरे हाताला प्लास्टर होईपर्यंत दवाखान्यात उभे राहिले. तिथल्या फरशीकडे त्यांनी पाहिलं नाही.

दोन-तीन दिवसांनी ते पुन्हा आले. मशीन नव्हती. पिशवीत एकच जाड बट्टी होती.

"बाबा, काऊन आले? आता दुखून नाई राह्यलं," बायको म्हणाली.

"चाल जरा. रोज चालतं तशी."

ती उंबरठ्यापासून ओट्यापर्यंत चालली. पाऊल पडेल तिथे ते खडूने खूण करत गेले. मग पाणी घेऊन खाली बसले आणि स्वतःचीच फरशी जाड बट्टीने हाताने खरवडू लागले. आईला राहवलं नाही. "अहो, एवढं चांगलं काम!"

"ईनबाई, चांगलं हाये म्हणूनच पडली ते."

संध्याकाळपर्यंत दोन वीत रुंदीचा खरबरीत पट्टा तयार झाला. पुढे दर दिवाळीआधी ते येत, पट्ट्यावरून डोळे मिटून चालत आणि तो पुन्हा खरवडत. "मानसाचा पाय लय बारीक बट्टी हाये," म्हणत, "कवा चकाकी आनंन सांगता नाई येत." त्यांनी जन्मभर घासलेल्या फरशांपैकी मुद्दाम ओरखडे ठेवलेली ही एकच.

२००५मध्ये ते वारले. दोन वर्षांनी आम्ही घरभर टाइल्स बसवल्या. पट्टा बायकोने ठेवायला लावला. बट्टी देव्हाऱ्याखाली आहे. यंदा दिवाळीआधी तिने ती पाण्यात भिजवली आणि उंबरठ्यापासून ओट्यापर्यंत फिरवली.