टोपीत नारळ

“पदर पसर,” सरपंचाची बायको म्हणाली.

मला पदर नव्हता. अंगावर फौजेची वर्दी होती.

सेनगावहून जीपनं जावं लागतं असं आमचं गाव. नाव सांगत नाही. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं आणि शाळेच्या मैदानात गावच्या फौजींचा सत्कार सुरू झाला. तिघांना खुर्च्या, तिघांना फेटे. सरपंच स्वतः बांधत होते. मी चौथी. लष्करी दवाखान्यातली नर्स, हुद्द्यानं लेफ्टनंट, म्हणजे त्या तिघांच्याही वरची. मास्तर मला म्हणाले, “ताई, तुमी बायांत बसा.” मी बसले. सीमेवरची लढाई नुकतीच थांबली होती. मला कुठंही बसवलं असतं तरी चाललं असतं.

तिकडं गोळाबारीत जखमी झालेली पोरं आमच्याकडं आणायचे. मी कात्रीनं त्यांचे कपडे कापायचे, बूट कापायचे. एकाचा पाय बुटाबरोबरच सुटून आला. मी तो बाजूला ठेवला आणि पुढच्याकडं गेले. रडले नाही. तेव्हापासून आत काही हलतच नाही. सुट्टीवर आले, आईनं भाकरी-ठेचा वाढला. तिखटसुद्धा लागला नाही.

मरणाच्या दारात जातपात गळून पडते म्हणतात. खोटं आहे. एका जखमीनं शुद्धीवर आल्या आल्या माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी त्याची पट्टी बदलली.

तर सत्कार. तिघांचं झालं. मग मास्तर माईकवर म्हणाले, “आता गावच्या लेकीची वटी भरू.” फौजीला फेटा आणि लेकीला वटी. आम्ही बौद्ध, आमच्या घरात ओटी भरत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत. तरी मी उठले.

सरपंचीणबाई नारळ आणि खण घेऊन उभी होती. आमच्या वस्तीतल्या बाईला काही द्यायचं तर वरून सोडायचं, ही तिची रीत. पदरात पडलं की हाताला हात लागत नाही. इथं पदरच नाही. मी दोन्ही हात पुढं केले. तिनं नारळ मागं घेतला. इकडंतिकडं पाहिलं. मग तिला सुचलं.

“टोपी काढ की. टोपीत टाकते.”

कुणी हसलं नाही. कुणाला त्यात काही वावगं वाटलंच नाही. माझा हात टोपीकडं गेलासुद्धा. हुकूम पाळायची सवय. बोटांना टोपीवरचं चिन्ह लागलं आणि कान तापले. कित्येक दिवसांनी मला काहीतरी वाटलं. राग आला होता.

“टोपी उतरणार न्हाई.”

“काहून? मान करून राहिलो ना तुझा!”

“त्यांचा केला तसा करा. मी फौजी हाये.”

मागून आई म्हणाली, “घे ना माय. आमाला इथंच राहायचं हाय.”

मी ऐकलं. तरी वळले नाही. खुर्च्यांच्या रांगेत गेले. कडेला त्या तिघांतला एक, सरपंचाचा पुतण्या बसला होता, वर्दीत, दंडावर हवालदाराच्या पट्ट्या. मी समोर जाऊन उभी राहिले. अधिकारी समोर आला की उठायचं, हे त्याला भरतीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं.

“हवालदार, उठा.”

त्यानं काकाकडं पाहिलं. काकानं मान हलवली, नाही म्हणून. तो बसून राहिला. खाली बघत. फोटोवाला म्हणाला, “मॅडम, जरा बाजूला.” मी सरकले नाही. फोटो तसाच निघाला.

आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिचंही खरं आहे. पण मी गावात येणार. वर्दीत येणार. झेंडावंदनाला फौजींच्या रांगेत खुर्ची नसली तर उभी राहीन. तो हवालदार उठेपर्यंत त्याच्यासमोर उभी राहीन.