इस्त्रीवाल्याचा उजवा खांदा

भाऊ, तुमचं दुकान माझ्याच जिन्याखाली, तरी पत्र लिहावं लागतंय. समोर आलात की तुम्ही मला बोलू कुठे देता? आपल्या भाषेत तोंडाचा पट्टा अखंड सुरू, आणि इथल्या भाषेत मात्र तोंडाला कुलूप!

खांदा धरला, हात वर जाईना. हात गेला तर दुकान गेलं, हे तुम्हालाही कळत होतं. तरी म्हणालात, "काकू, मी एकटा जातो. हातवारे करून सांगेन सगळं."

दवाखान्यात नर्ससमोर तुम्ही उजवा हात पुढे-मागे फिरवलात आणि तोंड वेडंवाकडं केलंत. इस्त्रीवाला काम मागायला आलाय असं समजून तिने डॉक्टरांच्या चुरगळलेल्या कोटांचा गठ्ठाच तुमच्या हाती दिला. आणि तुम्ही तो घेतलात!

"आलेलं काम परत कसं करायचं, काकू?"

"अहो, तुम्ही पेशंट होतात तिथे!"

कोट कडक करून पोचवलेत आणि येताना दुसरा गठ्ठा घेऊन आलात.

मग मी सोबत आले. मला इथली भाषा येते. धीर तेवढा नाही. नर्सने विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, "ह्यांना स्वतःची काळजीच नाही." झोप लागते का? "दुपारी घोरतात, वर ऐकू येतं." तिने मला दाराबाहेर बसवलं आणि तुमच्यासाठी फोनवर दुभाषी बोलावली. ही सोय फुकट असते म्हणे, फक्त मागावी लागते. हे आधी सांगायला काय झालं होतं?

"नमस्कार काका, काय होतंय?" फोनमधून आपली भाषा आली आणि तुम्ही फुललातच.

"तू कुठली गं बाळा? जेवलीस का?"

"काका, तब्येतीचं सांगा ना."

"तब्येतीला काय धाड भरलीय? मी मजेत!"

तिने ते इमानेइतबारे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर खूश होऊन उठायलाच लागले.

"खांदा!" मी बाहेरून ओरडले. "खांद्याचं सांगा!"

"कोण ओरडतंय, काका?"

"आमच्या वरच्या काकू. त्यांचं ऐकावंच लागतं." मग तुमचा आवाज एकदम खाली आला. "हात वर जात नाही गं. काम बंद पडलं तर मी काय करू?"

बाहेर मी उठले आणि दाराच्या फटीतून पाहू लागले.

डॉक्टरांनी खांदा नीट तपासला. हात मोकळा होईल म्हणाले, गोळ्या दिल्या, व्यायाम दाखवला. मग विचारलं, इस्त्रीचं टेबल किती उंच? तुम्ही छातीशी हात नेलात. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. आधीचा दुकानदार ताडमाड होता. त्याचं टेबल तुम्ही तसंच वापरत आलात! "पाय कापून घ्या," डॉक्टर म्हणाले. तुमचा चेहरा पांढराफटक पडल्यावर दुभाषीने घाईने सांगितलं, "टेबलाचे, काका, टेबलाचे!"

सुतार इथलीच भाषा बोलणारा, म्हणून सोबत मी यायचं ठरलं. कधी तुमचं गिऱ्हाईक आडवं आलं, कधी माझे गुडघे. काल खाली डोकावले, तर तुम्ही विटांवर उभे राहून इस्त्री करताय. विटा माझ्या कुंड्यांखालच्या आहेत, भाऊ. आणि सुताराकडे जायचं राहिलंय ते राहिलंच.